रेंज येते का बघ : आमची वाटचाल

पाटीवर 'टेलिकॉम सर्व्हिसेस' लिहिलंय, त्यामुळे अजूनही आठवड्यातून दोघं-तिघं तरी रिचार्ज मारायला आत येतात. आम्ही रिचार्ज मारत नाही. आम्ही टॉवरवर चढतो. अँटेना लावतो, उतरवतो, फिरवतो, खाली झुकवतो, फायबर जोडतो, आणि रात्री अडीच वाजता साइट पडली, म्हणजे टॉवर बंद झाला, की कुंभार्ली घाटात गाडी घालतो. मोठ्या कंपनीचं काम मोठा ठेकेदार घेतो, तो त्याच्या खालच्याला देतो, आणि तिथून ते चिपळूणला आमच्याकडे येतं.

२००६ साली सुरू केलं तेव्हा आम्ही तिघं होतो. मी पुण्यात एका ठेकेदाराकडे तीन वर्षं हेच काम करून आलेलो, धाकटा भाऊ नुकताच आयटीआय झालेला, आणि आमचा रिगर. टॉवरवर चढणाऱ्या माणसाला आमच्यात रिगर म्हणतात. हा त्याआधी गुहागरच्या बागांत सुपारी काढायचा. चाळीस मीटरचा टॉवर त्याला किरकोळ वाटला. सेफ्टी बेल्ट दिला तर म्हणाला, "दादा, ह्या पट्ट्यात पाय अडकून पडेन मी." पहिले सहा महिने तो बेल्ट कमरेला नुसता मिरवायचा, हूक कुठेच नाही. एकदा ओल्या शिडीवरून त्याचा पाय सटकला आणि हात पुरला म्हणून वाचला. त्या संध्याकाळपासून आमच्याकडे हूक नाही तर चढायचं नाही. हा नियम कुठल्या कंपनीने घालून दिलेला नाही.

तेव्हा आमच्या भागात दोनच आकडे कामाचे होते : ९०० आणि १८००. म्हणजे मेगाहर्ट्झ, टॉवर आणि फोन ज्या लहरींवर बोलतात त्यांची फ्रिक्वेन्सी. ९०० ची लहर साधारण एका फुटाएवढी लांब, १८०० ची त्याच्या निम्मी. हे मी पुण्यात वहीत लिहून घेतलं होतं, समजलं मात्र कोकणात. पुण्यात १८०० ची साइट लावली की ती चालायची. इथे दरी आडवी येते, वाटेत आमराई असते, आणि पुढे जांभ्याची दीड हात जाडीची भिंत. फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की मोकळ्या मैदानातसुद्धा तेवढ्याच अंतरावर फोनच्या हाती साधारण चौथा हिस्सा सिग्नल लागतो. वर ओली पानं आणि भिंती वेगळ्या. त्यामानाने ९०० डोंगराच्या कडेवरून थोडी वाकून खाली उतरते. घाटमाथ्याजवळच्या एका साइटवरून खालच्या पाच वाड्यांना मिळून एक-दोन कांड्या यायच्या आणि लोक खूश असायचे. बोलणं झालं की बास.

समुद्राकडे गंमत वेगळी. तिथे आडवं काहीच नाही, तरी एका ठरावीक अंतरापुढे फोन मरायचा. मच्छीमार आम्हाला विचारायचे, पॉवर वाढवा ना. पण तो पॉवरचा प्रश्नच नव्हता. जुन्या टूजीत टॉवर प्रत्येक फोनला त्याच्या अंतराप्रमाणे थोडं आधी बोलायला लावतो, म्हणजे सगळ्यांचं बोलणं आपापल्या वेळेत पोचतं. ही सोय नेहमीच्या मांडणीत ३५ किलोमीटरपर्यंतच पुरते. त्यापुढे सिग्नल दिसला तरी कॉल नाही. दाभोळच्या जेटीवर हे समजावताना मी अर्धा तास घालवला आणि शेवटी एक काका म्हणाले, "म्हणजे पस्तिसाच्या आत जाळं टाकायचं, असंच ना?"

२०१० ला थ्रीजीच्या लहरींचा लिलाव झाला. चौतीस दिवस चालला होता, आम्ही क्रिकेटच्या स्कोअरसारखे आकडे बघायचो. आमच्यासाठी त्याचा अर्थ एकच : २१०० ची नवी अँटेना, नवी केबल, नवी बिलं. पुढच्या दोन वर्षांत आम्ही तिघांचे नऊ झालो. जुनी बोलेरो घेतली, घरातल्या सोन्यावर कर्ज काढून साइट मास्टर घेतला. केबलीत आणि कनेक्टरमध्ये कुठे गळती आहे ते दाखवणारं हे यंत्र. त्याआधी आम्ही ते भाड्याने आणायचो आणि भाडं देऊन हातात फारसं काही उरत नसे.

शिव्याही तेव्हापासूनच पडायला लागल्या. कंपन्यांनी एसटी स्टँडवर थ्रीजीचे मोठे बोर्ड लावले, आणि २१०० ची लहर घराच्या ओट्यावर येऊन थांबायची. एका वाडीत तर अर्ध्या घरांत चालायचं आणि अर्ध्यांत नाही, टॉवर तोच, अंतर तेच. दोन दिवस फिरलो तेव्हा कळलं. कौलारू घरांत चालत होतं. मुंबईच्या पैशातून स्लॅब टाकलेल्या नव्या घरांत नव्हतं. टॉवर वर डोंगरात, सिग्नल छपरातून येणार, आणि काँक्रीटमधल्या सळया तो बाहेरच अडवणार. ज्याने लाखो रुपये घालून बंगला बांधला त्याला "काका, तुमच्या जुन्या घराला रेंज चांगली आली असती" असं सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. भावाने सांगितलं. चहा मिळाला नाही.

मग आम्ही जे केलं ते आज लिहायला जड जातं, पण वाटचाल म्हटली तर हेही आलंच. बाजारात बूस्टर मिळायचे. छपरावर एक अँटेना, घरात एक, मध्ये डबा. आम्ही ते विकायला आणि बसवायला लागलो. घरं, एक लॉज, दोन दवाखाने, एक मंगल कार्यालय. एका डब्यामागे जे सुटायचं ते टॉवरवर चार दिवस चढून सुटत नव्हतं. परवानगी लागते का, हे आम्ही विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायचंच नव्हतं.

एका मे महिन्यात आमच्याच देखभालीतल्या एका साइटची तक्रार आली. एक सेक्टर खराब : कॉल लागतो, समोरच्याला ऐकू येत नाही, मध्येच कट. सेक्टर म्हणजे टॉवरची एक बाजू, बहुतेक टॉवरना अशा तीन असतात. आम्ही कनेक्टर बदलले, जंपर म्हणजे जोडणाऱ्या छोट्या केबली बदलल्या, अँटेना बदलली. काही फरक नाही. फोनकडून टॉवरला येणाऱ्या बाजूला इतका गोंगाट होता की लांबच्या फोनचा आवाज त्यात बुडत होता. आणि संध्याकाळी सातनंतर जास्त. शेवटी हातात अँटेना धरून, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती गोंगाट आहे ते दाखवणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर गाडीत ठेवून, आम्ही गोंगाटाच्या दिशेने चालत गेलो. पोचलो कुठे, तर त्या लॉजवर. आमचाच डबा. बाहेरची आणि आतली अँटेना इतकी जवळ लावलेली की डबा स्वतःचाच आवाज ऐकून पुन्हा ओरडत होता. लॉजचा जनरेटर संध्याकाळी लागला की व्होल्टेज हलायचं आणि त्याचा आरडाओरडा वाढायचा. एका लॉजच्या आठ खोल्यांना रेंज मिळावी म्हणून आम्ही तीन गावांची रेंज घालवली होती, आणि ती शोधायचं बिलही आम्हीच लावणार होतो.

बिल लावलं नाही. पुढच्या महिनाभरात बसवलेले सगळे डबे काढले, निम्मे पैसे परत केले, काहींनी पूर्ण मागितले तेही दिले. विनापरवाना बूस्टर ठेवणं आणि विकणं हा गुन्हा आहे. त्यासाठी नवा कायदा यायची गरज नव्हती, १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यातच ते होतं. आज कोणी ऑनलाइन स्वस्तातला बूस्टर दाखवून "हा बसवून द्याल का" विचारतं तेव्हा मी ही लॉजची गोष्ट सांगतो. मोबाइल कंपनीला लेखी तक्रार करा, तिच्याकडून इमारतीत अँटेना बसवून घ्या, नाहीतर ब्रॉडबँड घेऊन वायफाय कॉलिंग चालू करा. तेवढं आम्ही फुकट करून देतो.

फोरजी देशात आधी कोलकात्याला, मग बंगळूरला आणि २०१२ च्या ऑक्टोबरात पुण्याला आलं, ते २३०० वर. आमच्याकडे त्याची लाट आली ती ५ सप्टेंबर २०१६ नंतर, जिओ सुरू झाल्यावर. फुकट डेटा, आणि सगळ्या कंपन्यांना एकाच वेळी सगळीकडे फोरजी हवं. ती दोन वर्षं मी घरी जेवलो असेन असं बायकोला वाटत नाही. कामाची पद्धतच बदलली. आधी रेडिओ, म्हणजे सिग्नल पाठवणारं-घेणारं यंत्र, खाली शेल्टरमध्ये एसीत बसायचा आणि मनगटाएवढ्या जाड केबली वर जायच्या. आता रेडिओच वर अँटेनाच्या मागे, खालून फक्त फायबर आणि वीज. केबलीत वाया जाणारा सिग्नल वाचला. रिगरचं वजन उचलणं मात्र वाढलं.

त्या लाटेत मला सगळ्यात उपयोगी वाटला तो ८५० चा पट्टा. पूर्वी सीडीएमए फोन ज्यावर चालायचे तोच, आता फोरजीसाठी. दरीत उतरायचा, स्लॅबलाही फार जुमानायचा नाही. पण रुंदी थोडी, म्हणजे पाइप लांब पण बारीक. २३०० चा पाइप रुंद पण आखूड. म्हणून गावात फोन फोरजी दाखवायचा आणि व्हिडिओ गोल फिरत बसायचा, लोक म्हणायचे फसवतात. फसवत नव्हते. शंभर माणसं एका बारीक पाइपावर होती. त्यात मुंबईहून येणारे काही फोन असे असायचे की त्यांच्यात ८५० चा पट्टाच नाही. फोन महाग, रेंज शून्य, आणि शेजारच्या आजीच्या साध्या फोनवर दणदणीत. फोन घेताना खोक्यावर 'बँड ५', म्हणजे हाच ८५०, आहे का बघा, हे तेव्हापासून आम्ही सांगत आलो आहोत. ९०० म्हणजे बँड ८, १८०० म्हणजे ३, २३०० म्हणजे ४०. सातशेचा २८.

गणपतीत या पाइपांची परीक्षा असते. एरवी चारशे माणसांच्या गावात चाकरमानी आले की दीड हजार होतात, आणि आरती सुरू झाली की सगळे एकदम व्हिडिओ कॉल लावतात. आम्ही श्रावणातच जास्त गर्दीच्या साइटची यादी काढतो, झुकाव तपासतो, बॅटऱ्या बदलून घेतो. त्या दहा दिवसांत आमच्यापैकी कोणालाही सुट्टी नाही. आमच्या घरचा गणपती दीड दिवसांचा आहे, तो याच कारणाने.

पैशाचं सांगायचं तर २०१८ हे आमचं सगळ्यात वाईट वर्ष. त्या सुमारास एकामागून एक कंपन्या बंद पडत होत्या किंवा एकमेकींत मिसळत होत्या. मिसळल्या की एकाच डोंगरावर दोन टॉवर कशाला, म्हणून एक उतरवायचा. उतरवायचं कामही आम्हीच केलं, स्वतः लावलेल्या अँटेना स्वतः खाली आणल्या. आमच्या वरचा ठेकेदार म्हणाला, मला वरून आलं की तुम्हाला देतो. त्याला आलं नाही की त्याने दिलं नाही, हे आजही मला माहीत नाही. चौदा महिन्यांची बिलं बुडाली. जीएसटी मात्र आम्ही भरून बसलो होतो. भावाने बोलेरो विकली. तेव्हापासून आमची एक अट आहे : साठ दिवसांची उधारी संपली की त्या ठेकेदाराचं पुढचं काम बंद, मग तो कितीही मोठा असो. यामुळे दोन चांगली कामं गेली. झोप मात्र लागते.

मग करोना. डोंगरावरच्या कातळावर छत्री लावून शाळा करणारी पोरं आम्ही साइटवर जाता-येता रोज बघायचो. आणि २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी आमच्या ऑफिसात माळ्याला लागलं. फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन, साइट मास्टर, सगळं गाळात. गावात वीज नाही, बॅटऱ्या संपत आलेल्या, आणि बाजूच्या गावांतले लोक आपल्या माणसांना फोन लावतायत. आम्ही दोघं भाऊ आणि आमचा रिगर होडीतून आणि चालत डिझेलचे कॅन घेऊन दोन साइटपर्यंत पोचलो. घरातला चिखल चौथ्या दिवशी काढला. विम्यात पूर होता, उपकरणं नव्हती. कागद वाचला नव्हता, चूक आमची.

फाइव्हजीचा लिलाव २०२२ च्या जुलैत सुरू झाला, १ ऑगस्टला संपला आणि १ ऑक्टोबरला सेवा सुरू झाली. आधीच्या दोन लिलावांत कोणीही न घेतलेला ७०० चा पट्टा या वेळी जिओने उचलला, तेव्हा मी भावाला म्हटलं, आता आपल्या दऱ्यांचं काहीतरी होईल. शहरात जो वेग दिसतो तो ३३०० च्या पट्ट्याचा. त्याची लहर बोटभर लांबीची, अँटेनाच्या एका पेटीत बारीक अँटेना ओळीने भरलेल्या, आणि ती पेटी ज्याच्या दिशेला फोन त्याच्याकडे किरण वळवते. बाजारपेठेत मस्त चालते. वाडीत झाडामागे गेलात की संपली. या पेट्यांचं वजन बघून जुन्या टॉवरची ताकद आधी तपासावी लागते, नुसतं नेऊन बांधलं असं चालत नाही. शिवाय एवढा डेटा टॉवरपर्यंत आणायचा कसा? एका टॉवरवरून दुसऱ्यावर हवेतून डेटा नेणारी जुनी मायक्रोवेव्ह लिंक आमच्या पावसात आधीच दमते. धो धो सरी आल्या की तिचा वेग पडतो. म्हणून आता आमचं निम्मं काम जमिनीवरचं आहे, रस्त्याकडेचा चर आणि फायबर.

बीएसएनएलच्या नव्या फोरजीची कामंही आली, ७०० आणि २१०० वर, देशी बनावटीच्या यंत्रणेची. ज्या वाडीत मी २००८ साली झाडावर चढून सिग्नल मोजला होता आणि 'नाही' असा शेरा लिहिला होता, तिथे आम्ही गेल्या वर्षी केबिनेट ठेवलं.

आज आम्ही सोळा जण आहोत. ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे. आमचा रिगर आता चढत नाही, नव्या पोरांना खालून हूक दाखवायला लावतो आणि हूक दिसला नाही तर जिल्ह्यातल्या सगळ्या शिव्या देतो. सध्या गुहागरकडे दोन साइटवर ७०० च्या अँटेना चढवायच्या आहेत. सामान येऊन पडलंय. वारा कमी झाला की सोमवारी निघू.