क्लच सोडताना

डावा गुडघा दुखतोय हे मी जवळजवळ वर्षभर कुणाला सांगितलं नाही. सोळा वर्षं मॅन्युअल, म्हणजे डाव्या पायाने क्लच दाबून हाताने गिअर बदलायची गाडी चालवतेय. ऑफिसला जाण्यायेण्याचे रोजचे दीड-पावणेदोन तास, त्यातला बराचसा वेळ पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्येच जातो. दुखणं बोलून दाखवलं तर गाडी सोडावी लागेल, ही भीती मनात घर करून होती. शेवटी एका संध्याकाळी मुलीला शेजारी बसवलं आणि म्हटलं, मी क्लच किती वेळा दाबते ते मोज. नेहमीच्या तुंबलेल्या रस्त्यावर २३ मिनिटांत ११४ वेळा. घरी पोचल्यावर ती म्हणाली, "आई, तू प्रत्येक वेळी पाय उचलताना ओठ चावतेस."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. गुडघ्यातली कूर्चा झिजायला लागली होती. एकट्या क्लचमुळे हे झालं असं ते म्हणाले नाहीत, पण दिवसातून शेकडो वेळा होणारी ती हालचाल थांबवता आली तर बरं, असं मात्र स्पष्ट सांगितलं.

मॅन्युअल गाडी मला मनापासून आवडते. क्लच हळूहळू वर येत असताना एका जागी इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, बॉनेट जरासं उचलल्यासारखं वाटतं आणि तळपायाला एक बारीक थरथर जाणवते. गाडीने भार घेतल्याची ती खूण. ती एकदा पायात मुरली की चढावर हँडब्रेक सोडताना छातीत धडधडत नाही. मला ती मुरायला दोन वर्षं लागली होती आणि तेवढ्यात एक क्लच प्लेट जळाली होती. त्यामुळे 'ऑटोमॅटिक घेऊन टाक, प्रश्न मिटला' असं कुणी सहज म्हटलं की मला वाईट वाटायचं.

शोध सुरू केला आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, की ऑटोमॅटिक नावाची एक वस्तू अशी नसतेच. दोन पेडलच्या गाड्यांमध्ये निदान चार वेगवेगळ्या जातींचे गिअरबॉक्स असतात. बाहेरून लिव्हर सारखाच, अक्षरं जवळपास तीच, पण आतली यंत्रं एकमेकांशी नातं न सांगणारी. हे आधी समजून घेतल्याशिवाय शोरूममध्ये पाऊल टाकू नये असं माझं ठाम मत झालं आहे. तिथे सगळ्यालाच 'ऑटोमॅटिक' म्हणतात.

टेस्ट ड्राइव्हचाही असाच अनुभव. शोरूमवाले रुंद, मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटं फिरवून आणतात. मोकळ्या रस्त्यावर कुठलीही नवी गाडी छानच चालते. दुसऱ्या फेरीपासून मी माझे तीन नियम ठरवले. गर्दीच्या वेळेतच जायचं, गाडीत चार माणसं बसवायची आणि माझ्या ओळखीच्या एका उभ्या चढावर गाडी पूर्ण थांबवून पुन्हा काढायची. एका ठिकाणी यासाठी नकार मिळाला. तिथे मी परत गेले नाही.

सगळ्यात आधी एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) पाहिली, कारण दोन पेडलच्या गाड्यांत तीच स्वस्त. आत नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि नेहमीचीच क्लच प्लेट असते. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम आपल्याऐवजी मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते. गिअर बदलताना ओढ क्षणभर तुटते आणि माना पुढे झुकतात. त्या क्षणी ॲक्सिलरेटर जरा सैल केला तर झटका कमी होतो हे मला पटकन जमलं, पाय जुनाच असल्यामुळे. खरी परीक्षा चढावर झाली. ब्रेकवरून पाय काढला आणि गाडी हातभर मागे आली. मागे दुचाकीवर एक माणूस उभा होता. आरशात त्याने पाय टेकून गाडी मागे घेतलेली दिसली आणि माझ्या हाताला घाम फुटला. त्या मॉडेलमध्ये चढावर गाडी धरून ठेवणारी हिल होल्डची सोय नव्हती. ज्यांत ती असते त्यांत हा प्रश्न येत नाही, म्हणून एएमटी घेणाऱ्याने हे आधी विचारावं. आणि एक गोष्ट, एएमटी चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरने तोलून धरू नये. आत प्लेट घासत असते, फक्त त्याची थरथर तुमच्या पायापर्यंत येत नाही. जळका वास येईपर्यंत काहीच कळत नाही.

मग डीसीटी, म्हणजे ड्युअल क्लच ट्रान्समिशन. यात दोन क्लच असतात, एकाकडे १, ३, ५ हे गिअर आणि दुसऱ्याकडे २, ४, ६. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार असतो, त्यामुळे बदल कळतच नाही. रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये हा प्रकार फोक्सवॅगनने २००३ साली गोल्फ आर३२ मध्ये आणला. चालवायला इतकी सुंदर गाडी मी आजवर चालवली नाही, हे प्रांजळपणे सांगते. पण माझा रस्ता मुंगीच्या पावलांचा. त्या वेगात डीसीटीलाही क्लच अर्धवट धरून घसरवावा लागतो, आणि तेलात न बुडालेला, म्हणजे कोरडा क्लच असेल तर तो तापतो. माझ्या वीस मिनिटांच्या रांगेत पुढे सरकताना गाडी दोनदा दचकली. ज्यांचा प्रवास मोकळ्या लांब रस्त्यांवरचा आहे त्यांनी मात्र हिचाच विचार आधी करावा.

सीव्हीटीला (कंटिन्युअसली व्हेरिएबल ट्रान्समिशन) गिअरच नसतात. दोन कप्प्यांमध्ये एक पट्टा फिरतो, कप्पी रुंद-अरुंद होते आणि गिअरचं प्रमाण सलग बदलत जातं. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली रबरी पट्ट्यांवर चालणारी अशी छोटी गाडी दाखवली होती. आता बहुतेक गाड्यांत पट्टा पोलादी असतो. गर्दीत अगदी लोण्यासारखी. पण पेडल जोरात दाबलं की इंजिन आधी ओरडतं आणि वेग मागून येतो. सोळा वर्षं इंजिनाच्या आवाजावरून वेग ओळखणाऱ्या माझ्या कानाला ते सोसेना. ओव्हरटेक करताना मी दोनदा अंदाज चुकून मागे झाले.

शेवटची टॉर्क कन्व्हर्टरवाली. बाकीच्यांत शेवटी कुठेतरी धातू धातूला किंवा प्लेट प्लेटला धरते. इथे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. बादलीतलं पाणी हाताने गरगर फिरवलं की त्यावर पडलेलं पानही फिरू लागतं, तसं. इंजिनाकडचं पात्यांचं चाक तेल फिरवतं, ते तेल समोरच्या चाकाला फिरवतं, मध्ये एक तिसरं चाक तेलाची दिशा वळवून सुरुवातीला जोर वाढवतं. ब्रेक धरून उभं राहिलं तरी झिजायला मध्ये प्लेट नसते. मला वाटायचं हे सगळं अलीकडचं. पण जनरल मोटर्सने आपला हायड्रामॅटिक हा पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स १९३९ सालीच, ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या गाड्यांसाठी आणला होता. त्यातही इंजिनाचा जोर तेलामार्फतच पुढे जायचा.

त्या चढावर मी ब्रेक सोडला आणि गाडी जागच्या जागी थबकून, मग आपणहून बोटभर पुढे सरकली. डावा पाय पायटेकीवर स्वस्थ होता. बाबा मागच्या सीटवर होते. ते आयुष्यभर मॅन्युअलचेच. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, "हीच घे."

एव्हरेजची चिंता मी फार केली नाही. जुन्या ऑटोमॅटिक गाड्या तीन-चार गिअरच्या असायच्या आणि तेलात बरीच शक्ती वाया जायची. आता गिअर वाढलेत आणि वेग आला की आतला लॉकअप क्लच इंजिन थेट जोडून घेतो. थोडा फरक पडतो, तो मी मान्य केला. गाडी मॅन्युअलपेक्षा महाग पडली, हेही खरं. इलेक्ट्रिकचाही विचार केला होता. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना एकच गिअर पुरतो, त्यामुळे हा सगळा प्रश्नच उरत नाही. पण आमच्या इमारतीत चार्जिंगची सोय नव्हती.

गाडी घरी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून चूक झाली. समोर वळणावर वेग कमी करायचा होता. सवयीने डावा पाय क्लच शोधत पूर्ण ताकदीने खाली गेला. ऑटोमॅटिकचं ब्रेक पेडल रुंद असतं आणि क्लच दाबायची ताकद ब्रेकवर पडली की गाडी जागच्या जागी गोठते. पट्टा खांद्यात रुतला, मुलीच्या हातातला फोन डॅशबोर्डवर आपटला. मागे कुणी नव्हतं म्हणून वाचलो. पुढचा आठवडाभर मी डावा पाय सीटच्या बाजूला मागे ओढून ठेवत असे. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने, हे वाचून माहीत होतं. पायाला कळायला वेळ लागतो. नवीन ऑटोमॅटिक घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, पहिले काही दिवस रिकाम्या मैदानात घालवा.

दुसरं शिकणं पार्किंगचं. उतारावर गाडी उभी करून मी लिव्हर थेट पी (पार्क) मध्ये टाकत होते. परत काढताना 'खण्ण' असा आवाज व्हायचा आणि अंगावर काटा यायचा. पी म्हणजे गिअरबॉक्सच्या आत दातेरी चाकात अडकणारी एक छोटी खुंटी. मी अख्ख्या गाडीचं वजन त्या खुंटीवर टांगत होते. आता ब्रेक धरून आधी एन (न्यूट्रल), मग हँडब्रेक, मग ब्रेकवरून पाय उचलून गाडी हँडब्रेकवर बसू द्यायची, पुन्हा ब्रेक धरून पी. आवाज बंद झाला.

घाटात उतरताना डी (ड्राइव्ह) मध्ये ठेवून सतत ब्रेक दाबू नये, हेही इथेच लिहून ठेवते. लिव्हरला मॅन्युअल मोड किंवा खालच्या गिअरची सोय असते, ती वापरली की इंजिनच गाडी धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. बॅटरी उतरली तर धक्का मारून गाडी चालू होणार नाही, म्हणून जंप केबल डिकीत ठेवली आहे. आणि बंद पडल्यास दोरीने ओढून न्यायची नाही, इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही. टोइंगवाल्याला पूर्ण गाडी वर चढवायलाच सांगायचं.

गुडघा पाच महिन्यांत बराच निवळला. व्यायामही चालू आहे.

जुनी गाडी विकायची ठरली होती, फोटोही काढून झाले होते. तेवढ्यात मुलगी म्हणाली, मला आधी तिच्यावर शिकायचंय. ब्रिटनसारख्या देशांत परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली तर परवानाही तेवढाच मिळतो, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. मला तेवढं कारणही नको होतं. रविवारी सकाळी मैदानात आम्ही दोघी जातो. ती क्लच सोडते, गाडी उडी मारून बंद पडते, ती पुन्हा स्टार्टर मारते. परवा एकदाच बॉनेट हळूच वर आलं आणि तिथेच थांबलं. "आई, पायाला काहीतरी जाणवलं," ती म्हणाली. मी म्हटलं, "तिथेच धरून ठेव."