मॅटरहॉर्नची तयारी, साताऱ्यातून

मॅटरहॉर्नला जायचं ठरलं तेव्हा साताऱ्यात ज्याला सांगावं तो एकच विचारायचा, "एवढा उभा डोंगर चढणार कशी?" मला धास्ती होती ती उतरण्याची. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरचा हा ४४७८ मीटरचा डोंगर पहिल्यांदा सर झाला १४ जुलै १८६५ रोजी. माथ्यावर सात जण पोचले होते. उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघे गेले. तो तुटका दोर आजही डोंगराच्या पायथ्याच्या झरमॅट गावातल्या संग्रहालयात आहे.

आम्ही निवडली होती हॉर्नली हट या गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या जागेवरून वर जाणारी ईशान्येची सोंड. तिथला कातळ फार अवघड नाही. ज्यांनी सह्याद्रीत थोडंफार प्रस्तरारोहण केलंय, त्यांना एकेक टप्पा सहज जमेल. पण हट ३२६० मीटरवर, म्हणजे बाराशे मीटरहून जास्त चढाई आणि तितकीच उतराई, सगळी एका दिवसात. टप्प्याटप्प्यावर बिले देत, म्हणजे थांबून एकमेकांचा दोर सांभाळत बसलं तर दिवस पुरत नाही. म्हणून माणशी एक गाइड असतो आणि दोघं आखूड दोराने बांधून एकदमच चालत राहतात. ४००३ मीटरवर सोल्वे नावाची छोटी लाकडी खोपी आहे, फक्त संकटात थांबण्यासाठी. तिथवर साधारण तीन तासांत पोचला नाहीत तर गाइड मागे फिरवतो. वेग कमी म्हणजे दुपारी ढग आणि वीज अंगावर घेणं.

उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा २८ दिवसांचा बेसिक कोर्स माझा आधीच झाला होता. बर्फावर चालणं, आइस अ‍ॅक्स, दोराच्या गाठी, हे सगळं तिथलं. पण उतरायला शिकवलं ते साताऱ्यातल्या माझ्या सरांनी. त्यांनी मला एकदा अजिंक्यताऱ्यावरून उतरताना नीट पाहिलं आणि म्हणाले, "चढतेस छान. उतरताना प्रत्येक पावलाला विचार करतेस. तिथे तेवढा वेळ नाही मिळायचा."

मग पहाटेचा अजिंक्यतारा सुरू झाला, तोही थेट गिर्यारोहणाचे कडक बूट घालून. वजनासाठी सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरून चढायचं आणि गुडघे वाचवायला वर सगळं पाणी झाडांना घालून मोकळं उतरायचं, ही आमच्याकडची नेहमीची पद्धत. सर म्हणाले, "अर्धं झाडांना, अर्धं पाठीवर." ते अर्धं पाणी पाठीवर घेऊन उतरताना मांड्या भरून यायच्या. सुट्टीच्या दिवशी वाईकडे जायचं. केंजळगडाच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि आसपासचे सोपे कातळटप्पे मी तोंड दरीकडे ठेवून उतरले. गुडघे किंचित वाकलेले, टाच घट्ट, नजर दोन पावलं पुढे. डोंगराकडे तोंड फिरवायचं ते अगदी उभा टप्पा आला तरच. आपल्या बसाल्टमध्ये सुटे दगड भरपूर, त्यामुळे हात टाकण्याआधी दगडावर तळव्याची थाप मारून बघायची सवय लागली. पोकळ वाजला की सोडून द्यायचा. ही सवय मॅटरहॉर्नवर पदोपदी उपयोगी पडली, कारण तो डोंगरही असाच ढिसाळ आहे.

अडचण होती पावसाळ्याची. मॅटरहॉर्नचा मोसम जुलै ते सप्टेंबर, आणि नेमका त्याच्या तोंडावर आपल्याकडचा कातळ शेवाळतो. म्हणून दोराचं सगळं काम मेअखेर उरकलं. जूनपासून भर पावसात यवतेश्वरचा घाट आणि सज्जनगडाच्या पायऱ्या. आणि बंद पडलेल्या एका खाणीत क्रॅम्पॉनचा, म्हणजे बुटांखाली बांधायच्या लोखंडी दातांचा सराव. क्रॅम्पॉन लावून दगडावर चालणं बर्फावरच्या चालण्याहून वेगळं. लोखंडी दात कातळावर कर्कश घासतात, पाय डुगडुगतो. पुढच्या दोन दातांवर भार टाकून टाच स्थिर ठेवायला पोटऱ्यांना फार दिवस लागले.

विरळ हवेचा सराव मात्र साताऱ्यात होणं शक्य नाही. त्यासाठी झरमॅटला आधी जाऊन राहिले. ४१६४ मीटरच्या ब्राइटहॉर्नवर गेले. तिथे रोपवेच ३८८३ मीटरवर नेऊन सोडतो, त्यामुळे बर्फात चालायला लागल्याबरोबर डोकं जड झालं. मग रिफेलहॉर्न नावाच्या जवळच्या कातळी शिखरावर गाइडने माझी परीक्षा घेतली. त्याचं लक्ष मी कशी चढते यापेक्षा कशी उतरते याकडेच जास्त होतं.

प्रत्यक्ष चढाई पहाटे अंधारात सुरू झाली. हटपासून काही मिनिटांवरच दोर लावलेली पहिली भिंत, तिथे हेडलॅम्पची रांग. सोल्वे वेळेत आलं. वर डोंगराच्या खांद्यापाशी क्रॅम्पॉन चढवले, तिथे कायम लावलेल्या जाड दोरांना धरून हात भरून आले, आणि अरुंद माथा आला. फोटो काढले, पाणी प्यायले, गाइडने घड्याळाकडे बोट दाखवलं.

खाली जाताना पुढे मी, मागे दोर धरून तो. जाड दोरांच्या टप्प्यांवर त्याने लोखंडी खुंटांना दोर गुंडाळून मला सोडलं. बाकी ठिकाणी माझं मीच उतरायचं होतं. सोल्वेच्या खाली पाय थकले, तोंड सुकलं, आणि वर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी सुटलेले दगड खडखडत बाजूने जायला लागले. त्या वेळी दरीकडे तोंड करून, न थबकता पावलं पडत होती. दोराला मागून ताण जवळजवळ लागला नाही. उतरायला चढण्याइतकाच वेळ लागला आणि दुपारचे ढग सोंडेवर यायच्या आत आम्ही हटवर होतो.

साताऱ्याच्या आसपासच्या कुणाच्या मनात हा डोंगर असेल तर खर्चात सगळ्यात मोठा आकडा गाइडचा, हजार स्विस फ्रँकच्या बराच वर. हेलिकॉप्टर बचावाचा विमा त्याहून वेगळा, पण तो टाळू नये. कातळाची तयारी दिवाळीनंतर लगेच सुरू करावी, म्हणजे मेपर्यंत हातात पुरेसे महिने राहतात. माझे क्रॅम्पॉन सरावाला न्यायला हरकत नाही.