मेमरीचे दोन चुकीचे आकडे

जळगावजवळच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या तोलणाऱ्या भुईकाट्याचे संगणकाचे काम माझ्याकडे आहे. काटा सेकंदाला दहा वाचने सिरियल केबलवरून पाठवतो, ती दोन गिगाबाइट मेमरीच्या एका जुन्या लिनक्स यंत्रावर साठत जातात आणि रात्री पर्ल भाषेतली एक स्क्रिप्ट चालू महिन्याची फाइल वाचून गाडीनिहाय वजनांचा ताळा लावते. दिवाळीनंतर आवक वाढली की काटा रोज बारा तास चालू राहतो आणि महिनाअखेर फाइलमध्ये सव्वा कोटीहून अधिक ओळी होतात. गेल्या हंगामात नेमकी त्याच सुमारास स्क्रिप्ट मधेच मरू लागली.

लॉगमध्ये चुकीचा एक शब्दही नव्हता. मेमरी संपत आली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एखादी प्रक्रिया (चालू प्रोग्राम) निवडून तिला थेट मारणारा ९ क्रमांकाचा सिग्नल देतो, आणि तो सिग्नल अडवता येत नसल्यामुळे पर्लला शेवटचा संदेश लिहिण्याचीही उसंत मिळत नाही. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या डीमेसेजच्या नोंदीत मात्र ‘आउट ऑफ मेमरी’ आणि खाली आमच्याच प्रक्रियेचा क्रमांक होता.

मी घाईने यंत्राच्या मेमरीचा हिशेब दाखवणारी प्रॉक-मेमइन्फो ही फाइल उघडली. स्क्रिप्ट चालू नसतानाही ‘मेमफ्री’, म्हणजे पूर्ण रिकामी मेमरी, ९० मेगाबाइटच्या आसपास दिसले आणि मी शेठजींकडे नव्या रॅमची मागणी केली. ते म्हणाले, “भाऊ, नवी घेऊ, पण आधीची कुठे जाते ते तर सांगा.” प्रश्न रास्त होता. लिनक्स मोकळी मेमरी पडून राहू देत नाही. वाचलेल्या फाइलींची पाने (मेमरीचे ठरावीक तुकडे) तिच्यात ठेवतो आणि कोणी मागितली की सोडून देतो. त्यामुळे विचारायचा आकडा ‘मेमअव्हेलेबल’, म्हणजे मागितल्यास मिळू शकणारी मेमरी, जो २०१४ मधल्या ३.१४ या कर्नलपासून त्याच फाइलमध्ये मिळतो. तो सव्वा गिगाबाइट होता, म्हणजे यंत्र उपाशी नव्हते.

मग प्रक्रियेकडे वळलो. चाचणीसाठी पंधरा दिवसांची अर्धी फाइल घेतली आणि स्क्रिप्टमध्ये दर लाख ओळींनंतर उलट्या अवतरणचिन्हांत, म्हणजे वेगळा प्रोग्राम म्हणून, फाइल दाखवणारी कॅट आज्ञा देऊन प्रॉक-सेल्फ-स्टेटस ही प्रक्रियेची माहिती देणारी फाइल वाचून घेतली. प्रत्येक वेळी ‘व्हीएमआरएसएस’, म्हणजे प्रक्रियेने रॅममध्ये प्रत्यक्ष व्यापलेली जागा, दोन मेगाबाइटच्या आत! पर्ल निर्दोष आहे असे मानून मी जवळजवळ एक संध्याकाळ डेटाबेसच्या मागे घालवली. वास्तविक ‘सेल्फ’ म्हणजे ती फाइल जो वाचतो तो, आणि इथे वाचत होता कॅट. मी दर लाख ओळींना एका नव्या कॅटचे वजन करत होतो.

योग्य रीत साधी आहे. ती फाइल पर्लच्याच ओपनने उघडावी, ‘व्हीएमआरएसएस’ने सुरू होणाऱ्या ओळीतला आकडा रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातला नमुना शोधण्याच्या सूत्राने) उचलावा आणि तो किलोबाइटमध्ये आहे हे लक्षात ठेवावे. स्टेटएम ही शेजारची फाइल आटोपशीर असली तरी तिच्यातला दुसरा आकडा पानांत असतो. आपल्या नेहमीच्या इंटेल यंत्रांवर एक पान ४०९६ बाइटचे, म्हणून त्याला चारने गुणले की किलोबाइट येतात. बाहेरून पीएस ही प्रक्रियांची यादी देणारी आज्ञा चालवण्याचीही गरज उरत नाही.

असे मोजल्यावर सुरुवातीला नऊ मेगाबाइट, पहिल्या लाखालाच ६४० आणि शेवटच्या लाखालाही तितकेच दिसले. मेमरी हळूहळू गळत असती तर आकडा चढत गेला असता; इथे ती पहिली ओळ तपासण्याआधीच घेतली गेली होती. फाइल मी फॉरईच लूपने वाचत होतो. फॉरईचला यादी लागते, म्हणून पर्ल आधी सगळ्या ओळी मेमरीत आणते आणि मगच पहिली ओळ हाती देते. त्यातही ६४-बिट पर्लमध्ये प्रत्येक स्केलरचे (एक मूल्य ठेवणाऱ्या चलाचे) नुसते शीर्षच २४ बाइटचे असते, मजकूर आणि त्याचा हिशेब वेगळा. पंचवीस बाइटच्या ओळीला शंभरेक बाइट लागले यात नवल नाही, आणि पूर्ण महिन्याला ते सव्वा गिगाबाइटच्या पुढे जाणारच होते.

फॉरईचच्या जागी व्हाइल लिहिले, एवढीच दुरुस्ती. व्हाइल एका वेळी एकच ओळ घेते.

दर लाखाचे मोजमाप काढून टाकले असले तरी एंड ब्लॉकमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट संपताना चालणाऱ्या भागात, एक ओळ ठेवली आहे, जी ‘व्हीएमएचडब्ल्यूएम’ लॉगमध्ये लिहिते. हा प्रक्रियेने गाठलेला सर्वोच्च आकडा. शेवटी नुसते ‘व्हीएमआरएसएस’ पाहणे मला अपुरे वाटते, कारण मधेच फुगून पुन्हा ओसरलेली मेमरी त्यात दिसत नाही. उलट पर्लने मोकळी केलेली पण पुढच्या वापरासाठी स्वतःकडे राखलेली जागा त्यात मोजली जाते. महिनाअखेरच्या फाइलवर ती ओळ १२,४०८ किलोबाइट दाखवते. रॅमची मागणी मी मागे घेतली. शेठजींनी तेवढ्या पैशांत काट्याच्या खोलीत कूलर बसवला.