सेकंदाला तीन मिलिमीटर

पहाटे टाकीत पाणी चढलं का, ते बघायला गच्चीवर जावं लागतं. सध्या वर गेलं की पूर्वेला शुक्र असतो, आणि शुक्र दिसला की कुसुमाग्रजांचं ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ आपोआप सुरू होतं. त्यात पृथ्वीचं प्रेम सूर्यावर, पण त्यातला शुक्रही असाच पहाटे दारात उभा असतो, पृथ्वीची मनधरणी करत.

शाळेत बाईंनी सांगितलं होतं, पृथ्वी म्हणजे जीव आणि सूर्य म्हणजे शिव. तेवढं लिहिलं की पाचात चार गुण. कविता संपली. लगागा लगागाची चाल मात्र डोक्यात राहिली; सायकलचं पायडल मारताना तर छान जुळायची.

ती कविता ज्यात आहे, तो ‘विशाखा’ हा संग्रह आला १९४२ साली. त्या कवितेत मंगळ लाजून लाल होतो, ध्रुव निराश होऊन उत्तरेला ऋषींच्या कुळात जाऊन बसतो, धूमकेतू केस पिंजारून आर्जवं करतो. पृथ्वी सगळ्यांना काजवे म्हणून मोकळी होते. मागे पुतण्याला हे कौतुकाने सांगितलं, तर तो म्हणाला, “काका, ध्रुव सूर्याच्या हजारपटीहून जास्त तेजस्वी आहे. त्याला काजवा काय म्हणता?” क्षणभर काही सुचेना. मग म्हटलं, “अरे, तिचं अंगण उजळतं ते कोणामुळे?” तो हसला. पटलं नसावं.

आणि शुक्राचं तर त्याहून गमतीचं. आपल्याला तो सूर्यापासून जास्तीत जास्त ४७ अंश दूर दिसतो, म्हणून तर एक तर पहाटे नाही तर संध्याकाळीच भेटतो. पृथ्वीच्या दारात उभा राहणारा हा स्वतः सूर्याभोवतीच फिरतोय. सांगतो कोणाला!

खरी कविता मला कळली ती मात्र एका साध्या हिशेबाने. पृथ्वी सेकंदाला जवळजवळ तीस किलोमीटर पुढे धावते. त्याच एका सेकंदात ती सूर्याकडे घसरते किती, तर जेमतेम तीन मिलिमीटर. म्हणजे ती सूर्याकडे सतत पडते आहे, फक्त प्रत्येक वेळी चुकते. ओढ नसती तर सरळ निघून गेली असती, वेग नसता तर जळून गेली असती. त्या तीन मिलिमीटरमुळेच वाट वळते, वर्ष पुरं होतं. ‘तुझी दूरता त्याहुनी साहवे’ ही पृथ्वीने सूर्याला म्हटलेली ओळ मला तोवर रुसव्याची वाटायची, किंवा फार तर समजूतदारपणाची. आता वाटतं, ती अगदी हिशेबाने बोलते आहे. जीव-शिव वगैरे चुकीचं नव्हतं बाईंचं. फक्त भेट झाली की सगळं संपलं, असं आम्ही धरून चाललो होतो.

आज टाकी भरल्यावरही जरा वरच थांबलो. समोरच्या इमारतीमागे उजाडायला लागलं. शुक्राकडे एकटक बघत होतो, तरी तो नेमका कधी दिसेनासा झाला ते कळलं नाही.