आईंचा प्रश्न

मंगळवार, रात्रीचे सव्वाअकरा

आई आत्ता झोपल्या. म्हणजे डोळे मिटून पडल्यात, मगाशी मधेच एकदा "वाटलंच होतं मला" असं पुटपुटल्या, त्यामुळे झोप लागलीय की नाही सांगता येत नाही. मला तर अजिबात येत नाहीये म्हणून लिहायला बसले. आज लायब्ररीचा ऑनलाइन लेखक-गप्पांचा कार्यक्रम होता आणि त्यात जे झालं ते उद्यावर टाकलं तर निम्मं विसरून जाईन.

आधी मागचं थोडं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय 82. दीड वर्षापूर्वी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण चालणं काही पूर्वीसारखं परत आलं नाही. आता पलंग, खिडकीजवळची खुर्ची आणि बाथरूम एवढंच जग. त्याआधी चाळीसएक वर्षं दर आठवड्याला लायब्ररीत जायचा त्यांचा नेम होता, पाऊस असो काही असो, आणि तिथे कुणी लेखक बोलायला येणार असला की दुसऱ्या रांगेत कडेची खुर्ची त्यांची ठरलेली. पहिल्या रांगेत का नाही विचारलं तर म्हणायच्या, पहिल्या रांगेतून माणसाचा चेहरा दिसत नाही, हनुवटी दिसते.

मीही वाचणारी आहे, पण संध्याकाळी त्यांना एकटं ठेवून मला बाहेर पडता येत नाही, नवरा येईपर्यंत साडेनऊ होतात, त्यामुळे दीड वर्ष आम्ही दोघीही त्या हॉलला मुकलोच होतो. लायब्ररीच्या ईमेलमध्ये "प्रौढांसाठी ऑनलाइन लेखक-संवाद" असं कधीपासून यायचं ते मी न उघडता पुढे ढकलत होते, कारण ऑनलाइन म्हटलं की मला ऑफिसच्या मीटिंगाच आठवतात. 2020 मध्ये सगळीकडे दारं बंद झाली तेव्हा लायब्रऱ्यांनी हे नाइलाजाने सुरू केलं. त्या वेळी सगळं जगच स्क्रीनवर जाऊन बसलं होतं, झूमवर मीटिंगची रोजची हजेरी डिसेंबर 2019 ला जास्तीत जास्त एक कोटी होती ती एप्रिल 2020 मध्ये 30 कोटींवर गेली. मग दारं उघडली, पण आमच्या लायब्ररीने महिन्यातून एक कार्यक्रम चालू ठेवला, आणि मला त्याची किंमत कळायला मधे एवढी वर्षं जावी लागली याचं वाईट वाटतं.

पहिल्यांदा जॉइन झाले तेव्हा मी कॅमेरा बंद करायला धडपडत होते, मग कळलं की हे वेबिनार आहे, मीटिंग नाही, म्हणजे आपण कुणाला दिसतच नाही आणि आपला माइकही आपोआप बंद असतो. दिसतात ते फक्त लेखक आणि त्यांच्याशी बोलणारी लायब्ररीची बाई. तुम्ही गाऊनमध्ये असा, पेशंटचे पाय चेपत असा, कुणाला काही पडलेलं नसतं. पण बाकीचे श्रोतेही आपल्याला दिसत नाहीत, हे मला अजूनही खटकतं. हॉलमध्ये कुणीतरी हसतं तेव्हा आपल्यालाही हसू फुटतं, इथे एक आकडा दिसतो नुसता. आज 61 होता. 61 माणसं कुठल्या कुठल्या खोल्यांमध्ये एकेकटी बसलीयत आणि एकाच बाईचं बोलणं ऐकतायत, ते डोळ्यांसमोर आणून बघितलं की मात्र बरं वाटतं.

आईंना सुरुवातीला मी यात ओढलं नव्हतं. एका कानात इयरफोन घालून त्यांच्या शेजारी बसायचे आणि ऐकायचे. एक दिवस त्या म्हणाल्या, "अगं तू एकटीच काय ऐकतेस, मला का नाही ऐकवत?" मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. त्या दिवसापासून लॅपटॉप पलंगाशेजारच्या टेबलावर, आवाज मोठा आणि कॅप्शन चालू. त्यांना उजव्या कानाने कमी येतं, त्यामुळे ऐकता ऐकता वाचताही येणं हे त्यांच्यासाठी फार मोठं आहे. हॉलमध्ये माइक खरखरला की त्यांचं अर्धं भाषण जायचं आणि त्या कुणाला सांगायच्या नाहीत, हे मला आत्ता कळतंय. कॅप्शन माणसांची नावं हमखास चुकवतं, पण तेवढं त्या मनातल्या मनात दुरुस्त करून घेतात.

तर आजचं. आजच्या लेखिकेची कादंबरी मी आईंना गेला महिनाभर रात्री थोडी थोडी वाचून दाखवत होते. दोन बहिणींची गोष्ट आहे, थोरली तिसऱ्या प्रकरणात घर सोडून जाते आणि नंतर शेवटपर्यंत येत नाही, नुसता तिचा उल्लेख येत राहतो. आईंना ते अजिबात पटलं नव्हतं. पुस्तक संपलं त्या रात्री त्यांनी माझ्याकडून शेवटची दोन पानं पुन्हा वाचून घेतली, जणू मीच काहीतरी गाळलंय.

लेखिका दुसऱ्या देशात राहतात, त्यांच्याकडे तेव्हा पहाट होती. मागे एक दिवा आणि अर्धवट अंधार. पहिली दहा मिनिटं छान गेली आणि मग आवाज तुटायला लागला, शब्दाचा पहिला अर्धा भाग यायचा आणि दुसरा गायब. आई वैतागल्या. लायब्ररीच्या बाईंनी शांतपणे त्यांना व्हिडिओ बंद करायला सांगितलं आणि लगेच आवाज स्वच्छ झाला. मी हे आधी लायब्ररीतल्या मुलाकडून ऐकलं होतं, तोच या कार्यक्रमांचं तांत्रिक बघतो, की नुसत्या आवाजाला नेटचा वेग 60 ते 80 केबीपीएस असला तरी पुरतो आणि बऱ्यापैकी व्हिडिओला 600 च्या आसपास लागतो, त्यामुळे नेट दमलं की चित्र सोडायचं आणि आवाज वाचवायचा. तो म्हणालेला की लेखकाला अर्धा तास आधी बोलावून हे सगळं तपासतात तरी ऐनवेळी काहीतरी होतंच. मग राहिलेला सगळा वेळ स्क्रीनवर त्यांच्या नावाची पाटी आणि आवाज. मला वाटलं आई आता कंटाळणार, तर त्या उलट जास्तच लक्ष देऊन ऐकायला लागल्या. रेडिओसारखं झालं ते.

प्रश्नांची वेळ झाली तेव्हा बॉक्समध्ये लोकांचे प्रश्न यायला लागले. हा प्रकार मला मनापासून आवडतो. हॉलमध्ये प्रश्न म्हणजे माइक हातोहात फिरणार, तो पहिल्यांदा कुणातरी अशा माणसाकडे जाणार ज्याला प्रश्न विचारायचा नसून स्वतःचं भाषण करायचंय, आणि तेवढ्यात वेळ संपणार. मी आयुष्यात एकदाही हात वर केलेला नाही. इथे प्रश्न टाइप करायचा, नाव द्यायचं नसेल तर निनावी पाठवायचा, बाकीच्यांना तो आवडला तर ते अंगठा देतात आणि प्रश्न वर सरकतो. आजवर मी चार प्रश्न विचारलेत, चारही निनावी.

आई म्हणाल्या, "तिला विचार, थोरली परत का नाही आली."

मी टाइप केलं. त्या म्हणाल्या, वाचून दाखव. वाचलं. "असं नाही. असं लिही की तुम्हाला तिला आणायचं होतं का, आणि मग का नाही आणलंत." मी पुसलं, परत लिहिलं. "हं. आता बरोबर." सवयीने निनावीवर टिचकी मारली आणि पाठवून दिलं. प्रश्न यादीत अगदी तळाला. मग एक अंगठा आला, मग तीन, मग सात. मी आईंना आकडा सांगत होते आणि त्या माझ्या मनगटाला धरून बसल्या होत्या, घट्ट, सलाइनच्या वेळी धरायच्या तशा.

बाईंनी तो प्रश्न वाचला. म्हणाल्या, "एका श्रोत्याने विचारलंय." मग काहीच आवाज येईना. मला वाटलं परत नेट गेलं. पण नव्हतं गेलं, लेखिका गप्प झाल्या होत्या.

मग त्या म्हणाल्या की थोरली परत येते असं प्रकरण मी लिहिलं होतं. पूर्ण लिहिलं होतं. ती संध्याकाळी फाटकापाशी येते, आत दिवा लागलेला दिसतो, ती फाटकाच्या कडीला हात लावते. कडी नवीन बसवलेली असते, तिला ती उघडायची कशी ते समजत नाही. ती दोनदा प्रयत्न करते आणि परत जाते. बेल वाजवत नाही. संपादक म्हणाले हे नको, तिचं न येणं जास्त बोलतंय, आणि मलाही ते पटलं म्हणून काढलं, पण ती पानं अजून माझ्याकडे आहेत आणि आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याबद्दल विचारलंय.

तेव्हाच आई म्हणाल्या, "वाटलंच होतं मला." इतक्या हळू की मला ते त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला तिसरा असा की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. त्या काढून टाकलेल्या पानांना आज त्यांची वाचक मिळाली असं मी म्हणेन, आणि ती पलंगावर पडून होती.

कार्यक्रम संपला की एक फीडबॅक फॉर्म येतो. एरवी मी तारे देते आणि बंद करते. आज त्यात एक नवीन प्रश्न होता, हॉलमधले कार्यक्रम आता नियमित सुरू असल्याने ऑनलाइन कार्यक्रम चालू ठेवावेत का. माझ्या पोटात खड्डाच पडला. यामागची अडचण मला समजते, लेखकाचं मानधन असतं, माणसं गुंततात, नोंदणी करून न येणारेही खूप असतात. काही ठिकाणी अनेक लायब्रऱ्या मिळून एकच लेखक बोलावतात आणि खर्च वाटून घेतात, तसं आम्हीही करा म्हणून मी लिहिलं. आणि युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या जाहीरनाम्याबद्दल लिहिलं. तो पहिला 1949 चा, पण 1994 च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटलंय की ज्यांना ग्रंथालयात येता येत नाही त्यांच्यापर्यंत सेवा पोचवणं हेही ग्रंथालयाचं काम आहे. हे मी तिथे जसंच्या तसं घातलं आणि खाली लिहिलं की असं माणूस माझ्या घरात आहे, आणि शिवाय मी आहे, मला चालता येतं पण निघता येत नाही. आम्ही कुठल्याच रजिस्टरवर दिसत नाही कारण आम्ही दारातून आतच येत नाही. रडत लिहिलं ते. फॉर्ममध्ये 500 अक्षरांची मर्यादा होती म्हणून परत परत कापावं लागलं.

बुधवार, दुपार

सकाळी आईंचं पहिलं वाक्य, "ते परत ऐकव." रेकॉर्डिंगची लिंक आली होती, 14 दिवस चालेल म्हणे. लेखकाशी आणि प्रकाशकाशी तेवढ्याच दिवसांचं ठरलेलं असतं म्हणून नंतर काढून टाकतात. पटत असलं तरी हळहळ वाटते. 47 व्या मिनिटाला प्रश्न आहे. तेवढंच लावलं. शांतता आली तिथे त्यांनी हाताने थांबव अशी खूण केली, म्हणाल्या, "इथे ती आठवत होती बघ." मग पुढे लावलं. कडीपाशी आल्यावर डोळे मिटले. असं तीन वेळा.

तिसऱ्या वेळी एकदम म्हणाल्या, "एका श्रोत्याने म्हणजे कुणी?"

मी म्हटलं, "आई, तुम्हीच. आपण निनावी पाठवला ना."

"का?"

मला उत्तर देता येईना. मी म्हटलं, मला तसंच बरं वाटतं, कुणाला कळत नाही, म्हणून सवयीने.

"तुला बरं वाटतं गं. मी काय चोरून विचारलं का?" रागावल्या नव्हत्या, पण दुखावल्या होत्या, मला आवाजावरून समजतं. "त्या हॉलमध्ये मी उभी राहून नाव सांगून विचारायची. तिथल्या लोकांना माहितीय मी कोण ते. दीड वर्षात कुणाला कळलं तरी का मी आहे म्हणून?"

काय बोलणार. ज्या गोष्टीसाठी मला हे ऑनलाइन प्रकरण एवढं आवडतं, कुणाला न दिसता विचारता येणं, तेच मी त्यांना न विचारता त्यांच्यावर लादलं होतं. त्या तर आधीच कुणाला दिसत नाहीत. मी सॉरी म्हटलं, त्यांनी "असू दे" म्हणून हात झटकला आणि चष्म्याचा डबा मागितला. डब्यात चष्म्याच्या फडक्याखाली लायब्ररीचं जुनं कार्ड आहे, कोपरे गोल झालेले, नंबराचा शेवटचा आकडा जवळजवळ पुसलेला. मी नखाने तिरपं धरून उजेडात वाचला, सात आहे.

पुढच्या महिन्याची नोंदणी आजच सुरू झालीय. आतापर्यंत माझ्या नावाने एकच नोंदणी करायचे, आज त्यांची वेगळी केली, त्यांच्याच कार्ड नंबरावर. फॉर्ममध्ये खाली विचारलंय, कार्यक्रमात दिसण्यासाठी नाव. मी त्यांचं पहिलं नाव टाकलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. चष्मा लावून त्यांनी नीट बघितलं.

"पूर्ण लिही," म्हणाल्या. "आडनावासकट."