रूझवेल्टचं खरं धाडस मला कोळशाच्या संपात दिसतं

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टचा विषय निघाला की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. १८९८ च्या युद्धात क्यूबात टेकडीवर केलेली चढाई, आणि १९१२ साली मिलवॉकीत छातीत गोळी घुसलेली असताना ठोकलेलं तासाभराहून मोठं भाषण. त्या दिवशी खिशात भाषणाचे पन्नास कागद घडी घालून ठेवलेले होते, शिवाय चष्म्याची डबी होती, म्हणून गोळी फार आत गेली नाही, तरी रक्ताने शर्ट भरलेला आणि हा माणूस बोलतोय! थरारक आहे, नाही कोण म्हणतं. पण मला विचाराल तर त्याचं खरं धाडस १९०२ च्या ऑक्टोबरमधे दिसलं, तेव्हा तो व्हीलचेअरवर होता आणि समोर ना बंदूक होती ना शत्रू.

थोडं मागे जाऊ. १८५८ चा जन्म, न्यूयॉर्कचं श्रीमंत घर, पण लहानपणी दमा इतका की रात्र रात्र उशांना टेकून बसायचं. वडिलांनी सांगितलं की तुझं डोकं चांगलं आहे पण शरीर तुझं तुलाच घडवावं लागेल, आणि पोराने ते खरंच मनावर घेतलं, व्यायाम, बॉक्सिंग, सगळं. मग १४ फेब्रुवारी १८८४, एकाच घरात, एकाच दिवशी आई टायफॉइडने गेली आणि बायको ॲलिस मूत्रपिंडाच्या आजाराने गेली, मुलगी जन्मून दोनच दिवस झालेले. डायरीत त्या तारखेला मोठी फुली आणि खाली एकच ओळ, माझ्या आयुष्यातला प्रकाश गेला. मला ती ओळ वाचून दर वेळी कसंतरी होतं. त्यानंतर तो पश्चिमेकडच्या डाकोटात गुरं पाळायला निघून गेला, तिथल्या भयंकर हिवाळ्यात बरीचशी गुरं मेली, परत आला, पोलीस खातं, नौदल, गव्हर्नर असं करत करत उपराष्ट्राध्यक्ष झाला आणि सप्टेंबर १९०१ मधे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींची हत्या झाली तेव्हा ४२ व्या वर्षी थेट राष्ट्राध्यक्ष. आजवर इतक्या कमी वयात त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं नाही.

आता संप. पेनसिल्व्हेनियाच्या पूर्व भागात अँथ्रासाइट नावाचा कडक, कमी धूर करणारा कोळसा निघायचा आणि न्यूयॉर्क, बोस्टनसारख्या शहरांतली घरं हिवाळ्यात त्याच्यावरच गरम राहायची. मे १९०२ मधे जवळपास दीड लाख खाणकामगार संपावर गेले. मागण्या काय, तर पगारात २० टक्के वाढ, कामाचे तास कमी करा, कोळशाचं वजन नीट करा आणि युनियनला मान्यता द्या. मालक म्हणाले एक पैसाही नाही आणि युनियनशी तर बोलणारच नाही. या खाणी मुख्यतः रेल्वे कंपन्यांच्या हातात होत्या. त्यांचा म्होरक्या जॉर्ज बेअर, त्याने एका पत्रात चक्क लिहिलं की कामगारांचं भलं युनियनवाले करणार नाहीत, देवाने आपल्या अगाध बुद्धीने ज्यांच्या हाती देशाची मालमत्ता सोपवली आहे ते ख्रिस्ती गृहस्थच करतील. हे पत्र पेपरात छापून आलं आणि लोक खवळले.

उन्हाळा संपला, कोळशाचे भाव कितीतरी पटीने चढले, थंडी तोंडावर आली. रूझवेल्टने कायदा खात्याला विचारलं, उत्तर आलं की यात पडायचा राष्ट्राध्यक्षांना काहीही अधिकार नाही. आणि आधीचा पायंडा कसला होता तर १८९४ साली शिकागोच्या रेल्वे संपात तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने सरळ सैन्य पाठवून संप मोडला होता. म्हणजे सरकार मधे पडतं ते मालकांच्या बाजूने, हेच सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

त्याच सप्टेंबरमधे मॅसॅच्युसेट्समधे रूझवेल्टच्या बग्गीला ट्रॉली, म्हणजे विजेची ट्राम, धडकली होती, सोबतचा सिक्रेट सर्व्हिसचा अंगरक्षक जागीच गेला, त्याच्या स्वतःच्या पायाचं ऑपरेशन करावं लागलं. व्हाइट हाऊसची दुरुस्ती चालू होती म्हणून मुक्काम लफायेत चौकातल्या एका घरात. तिथे ३ ऑक्टोबरला त्याने दोन्ही बाजूंना एका खोलीत बोलावलं, खाणमालकांना आणि युनियनचा अध्यक्ष जॉन मिचेल याला. मिचेल स्वतः लहानपणापासून खाणीत राबलेला, वय जेमतेम बत्तीस. तो म्हणाला तुम्ही आयोग नेमा, तो जो निकाल देईल तो आम्ही मान्य करू. मालकांनी त्याच्याकडे बघायलाही नकार दिला, उलट राष्ट्राध्यक्षालाच सुनावलं की गुंडांशी वाटाघाटी करण्यात वेळ घालवू नका, सैन्य पाठवा. रूझवेल्ट नंतर म्हणाला की त्या खोलीत सभ्यपणे वागलेला माणूस एकच होता आणि तो मी नव्हतो. म्हणजे त्याचा स्वतःचाही तोल सुटत होता हे तो लपवत नाही, आणि मिचेलला मान देतो. ही गोष्ट मला फार आवडते.

बैठक फिसकटली. मग त्याने ठरवलं की सैन्य पाठवायचंच, पण संप मोडायला नाही, खाणी मालकांकडून काढून घेऊन सरकारतर्फे चालवायला! म्हातारे जनरल स्कोफिल्ड यांना तयारही करून ठेवलं, सांगितलं की हुकूम मिळाल्यावर मालकांचं काही ऐकायचं नाही. १९०२ साली, अमेरिकेत, रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष हे म्हणतोय, विचार करा जरा. आणि दुसरीकडे युद्धमंत्री एलिहू रूटला बडा बँकर जे. पी. मॉर्गनकडे धाडलं, त्याच्या कॉर्सेअर या यॉटवर बोलणी झाली. गंमत म्हणजे त्याच वर्षी रूझवेल्टने मॉर्गनच्या नॉर्दर्न सिक्युरिटीज या रेल्वे कंपनीवर खटला भरलेला होता. तरी मॉर्गनने मालकांना आयोगासाठी तयार केलं.

तरीसुद्धा शेवटची अडचण उरलीच. आयोगात कोण कोण हवं याची यादी मालकांनीच दिली, लष्करी इंजिनियर, खाण इंजिनियर, न्यायाधीश, कोळशाच्या धंद्यातला जाणकार आणि एक नामवंत समाजशास्त्रज्ञ. कामगार नेता मात्र अजिबात नको. तासन् तास खल झाल्यावर रूझवेल्टच्या लक्षात आलं की यांना कामगार नेता या नावाचं वावडं आहे, माणसाचं नाही. मग त्याने समाजशास्त्रज्ञाच्या जागेवर रेल्वे कंडक्टरांच्या युनियनचा प्रमुख ई. ई. क्लार्क याला बसवलं आणि मालकांनी ते मुकाट मान्य केलं. २३ ऑक्टोबरला खाणी सुरू झाल्या. मार्च १९०३ मधे निकाल आला, १० टक्के पगारवाढ, बऱ्याच जणांचे तास दहावरून नऊवर, आणि तंटे सोडवायला कायमचं मंडळ. युनियनला मान्यता मिळाली नाही, ते राहिलंच. पण सरकार पहिल्यांदाच मालकांचा माणूस म्हणून न येता मध्यस्थ म्हणून आलं.

हीच वृत्ती जंगलांच्या बाबतीत. १९०७ साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, एका बिलात अट घुसवली की पश्चिमेकडच्या सहा राज्यांत राष्ट्राध्यक्षाने नवीन राखीव जंगलं करायची नाहीत. बिलावर सही तर करावीच लागणार होती, पण सही करायला काही दिवस हातात होते. तेवढ्यात वनखात्याच्या गिफर्ड पिंचोटने आणि त्याच्या माणसांनी रात्रंदिवस नकाशे काढले आणि रूझवेल्टने आधी १ कोटी ६० लाख एकर जंगल राखीव करून टाकलं, मग बिलावर सही केली. ती झाडं वाचली याचा मला मनापासून आनंद आहे.

पण याच माणसाने ब्राउन्सव्हिलही केलं आणि ते सांगितल्याशिवाय मला त्याच्याबद्दल लिहिताच येणार नाही. ऑगस्ट १९०६, टेक्सासमधलं हे गाव, रात्री गोळीबार झाला, एक माणूस मेला, आरोप आला तिथल्या पंचविसाव्या पायदळ रेजिमेंटच्या कृष्णवर्णीय सैनिकांवर. त्यांचे गोरे अधिकारी सांगत होते की सैनिक बराकीतच होते. खटला नाही, सुनावणी नाही, आणि रूझवेल्टने १६७ जणांना एका फटक्यात बडतर्फ केलं. त्यात वीस वीस वर्षं नोकरी केलेले होते, पेन्शन गेलं. आदेश जाहीर केला तो नोव्हेंबरच्या निवडणुका उरकल्यावर. कृष्णवर्णीयांचा नेता बुकर टी. वॉशिंग्टन याला त्याने १९०१ मधे व्हाइट हाऊसमधे जेवायला बोलावलं होतं, शिव्याही खाल्ल्या होत्या त्यासाठी, त्याच वॉशिंग्टनने फेरविचार करायची विनंती केली, पण ऐकलं नाही. कोळशाच्या वेळी याने मिचेलला समोर बसवून त्याचं म्हणणं ऐकून घेतलं होतं. या १६७ मधल्या एकालाही त्याने तसं समोर बसवलं नाही.

१९१३ मधे त्याचं आत्मचरित्र आलं. त्यात कोळशाचा संप सविस्तर आहे, ब्राउन्सव्हिलचा उल्लेखच नाही. त्या सैनिकांची नावं अमेरिकन सैन्याने शेवटी १९७२ साली निष्कलंक केली, तोवर त्यातले बहुतेक सगळे वारले होते.