एडिटरच्या खालच्या पट्टीत मी काय ठेवते

'अॅड.' आणि 'ॲड.' हे दोन शब्द तुमच्या स्क्रीनवर बहुधा सारखेच दिसत असतील. पण पहिल्यात 'अ' टाइप करून त्यावर चंद्र ठेवलाय आणि दुसऱ्यात चंद्रासकट 'ॲ' हे एकच अक्षर आहे. युनिकोड, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक आकडा देणारी पद्धत, तिच्या हिशेबात पहिला 'अ' ०९०५ आणि त्याच्यावरचा चंद्र ०९४५, तर दुसरं अख्खं अक्षर ०९७२. एक शोधलं की दुसरं सापडत नाही. देवस्थान समितीच्या यादीत वकील बरेच असतात आणि ती यादी दोघातिघांनी मिळून टाइप केलेली असते. अकारविल्हे लावायला गेलात की अर्धे वकील वर 'अ'मध्ये बसतात आणि उरलेले पार 'ह'च्याही खाली जातात, कारण ०९७२ हा आकडा 'ह'च्या ०९३९ नंतर येतो.

मी फोंड्याला घरी बसून मुद्रितशोधन करते. स्मरणिका, जत्रेतल्या नाटकांच्या संहिता, आमंत्रणपत्रिका. काही मराठी, काही कोंकणी. मजकुराचं सगळं काम व्हिम नावाच्या एडिटरमध्ये. ते का, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर घरात पुरेशी चेष्टा होऊन गेली आहे. आज फक्त त्याच्या तळाशी असणाऱ्या स्टेटस बारबद्दल लिहिते.

व्हिममध्ये एकच खिडकी उघडी असेल तर ही पट्टी मुळात दिसतच नाही. 'लास्टस्टेटस' नावाच्या सेटिंगला २ दिलं की ती कायमची येते. शिवाय कोपऱ्यात ओळ आणि स्तंभ दाखवणारे आकडे असतात, ते तर देवनागरीत निव्वळ कोडं. 'मराठी भाषा' असं लिहून कर्सर 'भा'वर ठेवा, स्तंभ दिसेल '१७-५'. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडची अक्षरं फाइलीत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. 'मराठी'त म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. एक मोकळी जागा धरून १६. आणि 'भ' सतराव्या बाइटवर. ५ हा पडद्यावरचा स्तंभ. प्रोग्रॅमरला यातलं काही लागत असेल, मला दोन्ही नकोत. ओळ क्रमांकाचंही तेच. माझा अख्खा परिच्छेद ही व्हिमच्या लेखी एक ओळ असते.

तेव्हा मी पट्टी आधी रिकामी केली आणि स्वतःला एकच अट घातली. जे डोळ्यांना वर मजकुरात दिसतंय ते खाली नको. जे दिसत नाही, तेवढंच.

पहिला मान अर्थातच कर्सरखालच्या अक्षराच्या आकड्याला. त्यासाठी व्हिममध्ये फार काही लिहावं लागत नाही, पट्टीच्या सेटिंगमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि कॅपिटल बी, एवढंच. कर्सर चंद्रवाल्या 'अ'वर गेला की खाली ९०५ येतं, जोडीच्या 'ॲ'वर गेला की ९७२. 'दऱ्या', 'सुऱ्या'तल्या अर्ध्या 'र'चीही अशीच गंमत. तो कुणी ०९३१ हे अक्षर वापरून काढतो, कुणी साध्या ०९३० ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडक घालतो. छापून दोन्ही सारखेच दिसतात. त्यात व्हिम ज्यात चालतं त्या टर्मिनलच्या खिडक्यांपैकी बऱ्याच ठिकाणी जोडाक्षरं धड जुळत नाहीत, म्हणजे डोळ्यांवर विसंबायची सोय तिथेही नाही. नुसता ९३० की ९३१ एवढं बघितलं की कळतं, हे पान कुठल्या टायपिस्टच्या हातचं.

दुसरी गोष्ट फाइलची जात. विंडोजवरून आलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी दोन चिन्हं असतात, लिनक्सवरच्या फाइलीत एक. व्हिम दोन्ही उघडतं आणि मजकुरात फरक दाखवत नाही. काही फाइलींच्या तोंडाशी बीओएम नावाचं अदृश्य चिन्ह असतं. अशा चार फाइली कमांडने एकापुढे एक जोडल्या की ते मधेच कुठेतरी जाऊन बसतं. पण यूटीएफ-८ आणि साधी लिनक्सची फाइल असेल तर ते रोज वाचायची काय गरज? टक्क्यापुढे महिरपी कंसात आपलं सूत्र लिहिता येतं, त्यामुळे मी अट घातलीय की सगळं ठीक असेल तर काही छापू नकोस. आता तिथे काही उमटलं की लक्ष जातंच. कायम पेटलेला दिवा कोण बघतो?

शब्दसंख्या मात्र कायम लागते, कारण लेखांना मर्यादा असते आणि लेखकांना ती मान्य नसते. व्हिममध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे, निवडलेल्या भागाचे शब्दही ते वेगळे देतं. अडचण अशी की पट्टी सारखी नव्याने काढली जाते, आणि प्रत्येक वेळी अख्खी फाइल मोजायला लावली तर मोठ्या संहितेत कर्सर अडखळायला लागतो. म्हणून मोजणी पट्टीत करायची नाही. टायपिंग थांबून कर्सर थोडा वेळ स्थिर राहिला की मोजायचं, आकडा एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचा, पट्टीने फक्त तो वाचायचा. हा 'थोडा वेळ' मुळात ४ सेकंदांचा असतो; मी कमी केलाय.

माझी सगळ्यात लाडकी जागा मात्र नाटकांची. आमच्याकडे जत्रेला गावची मंडळी मराठी संगीत नाटकं बसवतात, आणि जुन्या वहीवरून संहिता टाइप करायला माझ्याकडे येतात. तीन अंकी नाटकात मधेच कुठे उडी मारली की आपण कुठल्या प्रवेशात आहोत ते कळत नाही. प्रोग्रॅमर लोकांना कर्सर कुठल्या फंक्शनात आहे ते पट्टीत दिसतं. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्ये तर तशी सोय आयतीच आहे. मग मला प्रवेश का दिसू नये? कर्सरपासून मागे शोधत जायचं, 'प्रवेश'ने सुरू होणारी पहिली ओळ मिळाली की ती उचलायची, तसंच 'अंक'. कर्सर जागचा हलत नाही. पट्टीत 'अंक दुसरा, प्रवेश तिसरा' असं येतं. हे फक्त नाटकांच्या फोल्डरपुरतं. स्मरणिका उघडली की ती जागा मोकळी.

हे सगळं बघून भाचा म्हणाला, "मावशी, एवढी पट्टी भरलीस तर नाटक कुठे लिहिणार?" तो व्हीएस कोड हा एडिटर वापरणारा. तिथे पट्टीवर राइट क्लिक करून नको ते लपवता येतं, म्हणे हेच पुरे. लपवणं सोपं आहे बाबा, पण नाटकाचा प्रवेश दाखवायला तिथे एक्स्टेन्शन लिहावं लागेल, आणि इथे माझ्या दहाबारा ओळींत भागतं. बॅटरीची युक्ती मात्र त्याचीच. लिनक्स बॅटरीची टक्केवारी एका छोट्या फाइलीत ठेवतं, ती वाचायची आणि लॅपटॉप चार्जरवर नसेल तेव्हाच दाखवायची. पावसाळ्यात दिवसाउजेडी वीज गेली तर पंखा थांबेपर्यंत पत्ता लागत नाही, आणि पावसाळ्यात पंखा लावतंय कोण! घड्याळही घालूया म्हणत होता. ते मी घालू दिलं नाही.

दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या, म्हणजे डावीकडे वहीवरून टाइप केलेलं आणि उजवीकडे सुधारलेलं, की जागा अपुरी पडते. टक्का आणि 'लहान'चं चिन्ह जिथे ठेवाल तिथून पट्टी छाटली जाते. ते मी फाइलच्या नावाआधी ठेवलंय. फाइल कुठली ते मला ठाऊक असतं, छाटलं तरी चालेल. निओव्हिम म्हणजे व्हिमवरूनच निघालेला एडिटर, त्याच्या ०.७ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, 'लास्टस्टेटस'ला ३ दिलं की सगळ्या खिडक्यांना मिळून तळाशी एकच लांब पट्टी मिळते. तेवढ्यासाठी निओव्हिमकडे जायचा विचार आहे, पण चतुर्थीच्या आधी दोन स्मरणिका छापखान्यात जायच्या आहेत, तेव्हा ते त्यानंतर.